हिवाळी हिमालय: बर्फ किती पडला यापेक्षा तो कसा साठला हे विचारा

कडेकपारी

थंडी सुरू झाली की या विभागात एकच प्रश्न फिरत राहतो. "केदारकंठाला बर्फ मिळेल का?" "ब्रह्मतालला जानेवारीत बर्फ असतो का?" (दोन्ही उत्तराखंडातले हिवाळी ट्रेक.) बर्फ मिळेल हो. पण तो कशावर पडलाय, वाऱ्याने कुठे नेऊन टाकलाय आणि तुमची वाट त्याच्या खालून जाते की वरून, हे कोणी विचारताना दिसत नाही. म्हणून हा धागा काढतोय. मी संशोधक नाही. गिर्यारोहणाचे कोर्स केलेत आणि हिवाळ्यात पश्चिम हिमालयात जातो, एवढंच. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

माणसं मारणारी बहुतेक हिमस्खलनं 'स्लॅब' प्रकारची असतात. म्हणजे वर एक एकसंध, घट्ट झालेला थर आणि त्याच्याखाली एक कमकुवत थर. वरचा थर उतारावर खालच्याच्या भरवशावर टिकून असतो. त्यावर ताण आला (नवा बर्फ, वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ, उन्हाचा तडाखा किंवा एका माणसाचं वजन) की कमकुवत थर तुटतो आणि ती तूट क्षणार्धात उतारभर पसरते. वरची अख्खी पाटी सुटते. तुम्ही तिच्यावर उभे असता, त्यामुळे बाजूला उडी मारू वगैरे फक्त बोलायच्या गोष्टी.

उताराचा कोन हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. स्लॅब सुटतात त्या बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही, पडतो तसा घसरतो. ३० च्या खाली सुटण्याची शक्यता बरीच कमी. पण सपाटीवर उभं राहून वरच्या ३८ अंशांच्या उताराखाली जेवण शिजवत बसलात, तर तुमच्या पायाखालचा कोन शून्य असून उपयोग नाही.

आणखी एक. आपल्याकडे वादळाला सगळेच घाबरतात. पण पश्चिमी विक्षोभ (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन उत्तरेत पाऊस-बर्फ पाडणारं वादळ) येऊन गेला, दोन दिवस तंबूत काढले आणि तिसऱ्या दिवशी निळंशार आकाश दिसलं की सगळे बूट घालून तयार. बर्फ पडत असताना आणि थांबल्यावरचे पहिले एक-दोन दिवस, हाच सर्वात वाईट काळ. २४ तासांत फूटभर नवा बर्फ पडला असेल तर उघड्या उताराकडे फिरकू नये असा साधा नियम आहे. फोटो सुंदर येतात, हे मान्य.

चांदणवेल

फार वेळेवर आला हा धागा. माझी मुलगी जानेवारीत कॉलेजच्या ग्रुपबरोबर उत्तराखंडात हिवाळी ट्रेकला जातेय. आयोजकांनी "सेफ ट्रेक आहे, काकू, काळजी करू नका" एवढंच सांगितलं. मला घाबरून तिला अडवायचं नाहीये. पण नेमकं काय विचारायचं ते कळत नाही. मी स्वतः बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलाय.

बोरूबहाद्दर

कडेकपारी, लेख छान. पण एवढा अभ्यास करून काय होणार? सियाचीनमध्ये प्रशिक्षित जवान गाडले गेले. त्यातले हणमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले. ज्याची वेळ आली तो गेला, ज्याची नाही तो राहिला. निसर्गापुढे कोन मोजत बसणं म्हणजे मनाचं समाधान.

कडेकपारी

बोरूभाऊ, लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून नीट सांगतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला साधारण १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमस्खलन झालं. दहा जण गाडले गेले. ते एकटे जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचंही निधन झालं. हा अपवादातला अपवाद. तंबूखाली हवेची पोकळी राहिली म्हणून ते इतके दिवस टिकले.

उघड्यावर गाडल्या गेलेल्या माणसाचं गणित वेगळं. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले साधारण नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर ते प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास घसरतं, कारण माणूस गुदमरतो. थंडीने मरायला वेळ लागतो, तेवढा वेळ मिळतच नाही. म्हणजे हेलिकॉप्टर, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती बचाव दल), लष्कर कितीही तत्पर असले तरी पहिली पंधरा मिनिटं तुमच्यासोबतच्या माणसांची. त्यांच्याकडे बीकन (अंगावर बांधायचं, गाडल्या गेलेल्याची जागा दाखवणारं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) आणि फावडं नसेल तर ते फक्त हाका मारू शकतात. शिवाय थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की हाताने उकरता येत नाही.

आणि नशिबाबद्दल म्हणाल तर युरोप-अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी सांगतात की हौशी लोकांच्या जीवघेण्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के वेळा ते बळी पडलेल्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं. डोंगर आपणहून अंगावर आला असं फार कमी वेळा होतं. चौकीवरच्या जवानाला जागा निवडता येत नाही, आपल्याला येते.

फौजीकाका

धागा वाचला. उत्तरेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दोन शब्द.

"हिमालयातला बर्फ" असा एक बर्फ नसतो. मनालीच्या हिम आणि हिमस्खलन संस्थेने (आता ती डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेत विलीन झाली आहे) पश्चिम हिमालयाचे तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजालचा खालचा पट्टा: तिथे हवा तुलनेने उबदार, बर्फ ओला, जड आणि एका वादळात भरपूर. त्यामागे मधला, अधिक थंड पट्टा. आणि काराकोरमचा वरचा पट्टा: बर्फ थोडा, हवा कोरडी, थंडी प्रचंड. पीर पंजालमध्ये वादळ आलं की लगेच नाले (हिमस्खलनं ज्या घळींतून खाली येतात त्या) धडाधड सुटतात आणि मग बर्फ बऱ्यापैकी बसतो. वर मात्र थोडासाच बर्फ आठवडेच्या आठवडे खालून पोकळ होत राहतो. दिसायला निरुपद्रवी. तरुण अधिकारी "साहेब, गुडघाभर तर आहे" म्हणायचे. तोच गुडघाभर बर्फ वाईट.

नाला ओलांडायची आमची पद्धत: एकेकाने जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, काठीची दोरी मनगटातून काढायची. नाल्याच्या मधोमध थांबून फोटो नाही, पाणी नाही, गप्पा नाहीत. निघायचं ते पहाटे. ऊन लागलं की समोरचा उतार वेगळा होतो, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये.

बीकन नव्हते तेव्हा कमरेला लांब लाल दोरी बांधून मागे सोडायचो. माणूस गाडला गेला तर दोरीचा तुकडा तरी वर दिसावा. बीकन आल्यावर ती गेली, बरं झालं.

अणुरेणू

काका, "थोडाच बर्फ खालून पोकळ होतो" यामागचं भौतिकशास्त्र सुंदर आहे, राहवत नाही म्हणून लिहितो.

जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाला असतो, कारण जमीन त्याला ऊब देत राहते. वर हवा समजा उणे १५. बर्फ ६० सेंटिमीटर असेल तर तेवढ्याच जाडीत १५ अंशांचा फरक, म्हणजे मीटरला २५ अंश. मीटरला १० अंशांच्या वर फरक गेला की बर्फातली वाफ खालून वर वेगाने सरकू लागते, आणि खालचे कण एकमेकांना चिकटण्याऐवजी टोकदार, सुटे, जाड साखरेसारखे होत जातात. यालाच डेप्थ होर म्हणतात. हातात घेतला तर गोळा वळत नाही, बोटांमधून ओघळतो. आता हाच बर्फ दोन मीटर जाड असता, तर तोच फरक मीटरला साडेसात अंश झाला असता आणि कण उलट एकमेकांत मिसळून घट्ट होत गेले असते.

म्हणून "यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी" हा निष्कर्ष उलटा ठरू शकतो. डिसेंबरात थोडा पडला, महिनाभर कोरडी थंडी, मग जानेवारीअखेर एक जोरदार विक्षोभ: पाया कुजका आणि वर जड थर. गेल्या काही हिवाळ्यांत डिसेंबर कोरडा जाण्याच्या तक्रारी सगळीकडून ऐकतोय, त्यामुळे हे लक्षात ठेवण्यासारखं.

अवांतर: उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन लागत नाही, तिथे हा कुजका थर जास्त दिवस टिकतो. दक्षिणेकडचे उतार उन्हाने लवकर बसतात, पण दुपारी ओले होऊन सुटतात. दोन्हीकडे काही ना काही आहेच!

बोरूबहाद्दर

मीटरला २५ अंश वगैरे वाचून डोकं गरगरलं, पण मुद्दा पोचला. नशिबाचं विधान अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो.

घाटवाट

पूर्वसूचनांबद्दल कोणी लिहिलं नाही. आपल्याकडे डीजीआरई हिमस्खलनाच्या सूचना देते, राज्यांची आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणं त्या पुढे पाठवतात. हिवाळ्यात जम्मू-काश्मीरच्या बातम्यांत रोज असतं: अमुक जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर मध्यम धोका, वगैरे. मग ट्रेकवाल्यांनी तेच बघून निर्णय घ्यावा की. एवढा अभ्यास प्रत्येकाने कशाला?

कडेकपारी

बघावंच. न बघता जाणं मूर्खपणा. पण ती सूचना काय सांगते आणि काय सांगत नाही, ते समजून बघावं.

उत्तराखंडातल्या माणा गावाचं उदाहरण घ्या. २७ फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळी चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथौरागढ आणि बागेश्वर या पाच जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर २४ तासांसाठी हिमस्खलनाचा इशारा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणा आणि बद्रीनाथच्या दरम्यान सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ जण अडकले, ४६ वाचले, ८ गेले. इशारा बरोबर होता. पण पाच जिल्हे! त्यात हजारो उतार आले. माझ्या तंबूच्या वरचा उतार कोणता, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं आणि नसणारच.

आल्प्समध्ये रोजची पत्रकं फार बारकाईने निघतात: उताराची दिशा, उंची, कमकुवत थर किती खोल आहे, सगळं. तिथे धोक्याच्या पाच पातळ्या आहेत, आणि गंमत बघा, सर्वाधिक माणसं मरतात ती पातळी तीनला. चार आणि पाचला लोक घरी बसतात. तीन म्हणजे "मधलं" असं वाटून निघतात. प्रत्यक्षात तीनला एकट्या माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो. आपल्याकडच्या बातमीत "मध्यम" वाचून हायसं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पत्रक म्हणजे सुरुवात. नंतरची नजर आपली. ताजे सुटलेले नाले आजूबाजूला दिसतात का? पाऊल टाकल्यावर "व्हुम्फ" असा खोल दबका आवाज येतो का? पायापासून बर्फात तडे पळत जातात का? यातलं एक जरी घडलं तर चर्चा संपली, आल्या वाटेने परत. आणि वारा. बर्फ पडत नसतानाही वारा डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला कित्येक पट वेगाने साठवतो. आकाश निरभ्र आणि शिखरांवरून पांढरे झोत उडताना दिसतायत, म्हणजे पलीकडच्या उतारावर या क्षणी भार चढतोय.

सांजसावली

वाखु (वाचनखूण) साठवली. एक शंका: २०२१ चं चमोली पण हिमस्खलनच होतं ना?

अणुरेणू

नाही, किमान या धाग्यातल्या अर्थाने नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि हिमनदीचा बर्फ यांचा प्रचंड तुकडा सुटला, सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर. त्याचा चिखल-पाण्याचा लोंढा होऊन ऋषिगंगा आणि तपोवनचे प्रकल्प उद्ध्वस्त झाले, दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथे उताराचा कोन मोजून किंवा थर तपासून काहीही कळलं नसतं. तसंच एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू आइसफॉलमध्ये एप्रिल २०१४ ला १६ नेपाळी कामगार गेले ते लटकलेल्या हिमकड्याच्या कोसळण्याने. त्याला वेळकाळ नसतो. त्याखाली कमीत कमी वेळ काढायचा, एवढंच हातात.

सांजसावली

धन्यवाद. आणि हिवाळा टाळून ऑक्टोबरमध्ये गेलं तर?

फौजीकाका

ऑक्टोबरला निरुपद्रवी समजू नका. १ ऑक्टोबर २०२१ ला त्रिशूलवर नौदलाचं पथक हिमस्खलनात सापडलं. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक द्रौपदी का डांडा-२ वर, शिखराच्या खालीच. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्यात सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेली. पावसाळ्याच्या शेवटी उंचावर भरपूर ताजा बर्फ पडतो, खाली मात्र हिरवळ असते. खालून वरचा अंदाज येत नाही.

नेपाळात २०१४ ला हुडहुड चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा परिसरात थोरंग ला या खिंडीभोवती बर्फाचं तांडव केलं. चाळीसहून अधिक माणसं गेली, बरीच साधी ट्रेकर. ऑक्टोबरात जाणाऱ्याने बंगालच्या उपसागराकडेही बघावं.

रानभूल

मी हिवाळी ट्रेकचं नेतृत्व करतो, पोटापाण्यासाठी. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

थर, कोन, वारा हे सगळं शिकता येतं. कठीण असतं ते वीस जणांना "आज माथा नाही" असं सांगणं. लोकांनी रजा काढलेली असते, पैसे भरलेले असतात, समोर आकाश निळं असतं आणि शेजारच्या कंपनीचा ग्रुप वर चाललेला दिसतो. "ते जातायत, मग आपण का नाही?" हे वाक्य मी जवळपास प्रत्येक हंगामात ऐकतो. एका आयोजकाने तर शिखर न झाल्यास माझे पैसे कापायची अट घातली होती. त्यांचं काम सोडलं. पुढे गेलेली पावलं उतार सुरक्षित असल्याचा पुरावा नसतात. कमकुवत थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. पहिले दहा जण जाड भागावरून जातात, अकरावा पातळ भागावर पाय ठेवतो आणि सगळं सुटतं.

सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीच्या रस्त्यावर ४ एप्रिल २०२३ ला सात पर्यटक गेले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते, लोक पंधराव्या मैलापर्यंत पोचले होते. ते ट्रेकर नव्हते, गाडीतून उतरून बर्फात खेळत होते. म्हणून म्हणतो, मर्यादा घालणाऱ्या माणसावर चिडू नका.

चांदणवेलताई, तुमच्या प्रश्नाकडे येतो. "सेफ आहे का" विचारू नका, उत्तर "हो"च येणार. असं विचारा: कॅम्पच्या वरचा उतार कसा आहे, झाडी आहे की उघडा? शिखराच्या दिवशी आदल्या रात्री बर्फ पडला तर काय करता? मागच्या हंगामात किती ग्रुप माथ्याखालून परत आणले आणि का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "एकही नाही, शंभर टक्के यश" असं अभिमानाने सांगितलं, तर तिथे पाठवू नका. लीडरचं नाव आणि त्याचं प्रशिक्षण विचारा, कंपनीचं नाही.

आणि झाडी बघायची कशी, तेही सांगतो. दाट जुनं जंगल असेल तर उत्तम. पण जंगलातून वरपासून खालपर्यंत सरळ मोकळी पट्टी आलेली दिसली, किंवा फक्त कोवळी भोजपत्रं, तीही खालच्या बाजूला वाकलेली आणि वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेली, तर तो हिमस्खलनाचा ठरलेला मार्ग. तिथे दोन-चार वर्षं काही आलं नसेल, तरी मार्ग तोच राहतो. गावातले म्हातारे अशा पट्ट्या नावानिशी सांगतात. त्यांना विचारायला लाजू नका.

घाटवाट

उताराचा कोन मोजायला काय वापरता? सगळ्यांकडे क्लिनोमीटर नसतो.

अणुरेणू

फोनमधलं ॲप चालतं, पण थंडीत बॅटरी मान टाकते. सारख्या लांबीच्या दोन ट्रेकिंग काठ्या पुरतात. एक काठी उतारावर उभी धरा, अगदी ओळंब्यात. तिच्या वरच्या टोकापासून दुसरी काठी चढाच्या दिशेने आडवी, सपाट धरा. आडवी काठी नेमकी बर्फाला टेकली तर उतार ४५. पावणेदोन काठ्यांचं अंतर भरलं तर ३०. दोन काठ्या लावूनही बर्फ लागला नाही तर २७ च्या आत, म्हणजे बरं. हे मात्र सुरक्षित जागी उभं राहून तशाच दिसणाऱ्या छोट्या उतारावर करायचं. धोक्याच्या उतारावर जाऊन मोजायचं नाही!

चांदणवेल

सगळ्यांचे आभार. आज आयोजकांना फोन केला. कॅम्प जंगलात आहेत म्हणाले. रात्री बर्फ पडला तर शिखराचा दिवस एक दिवस पुढे ढकलायची सोय आहे, हे ऐकून बरं वाटलं. परत आणलेल्या ग्रुपांबद्दल आधी जरा गडबडले, मग एका लीडरशी जोडून दिलं. त्याने लगेच दोन वेळा सांगितल्या, कुठून वळले आणि का, तेही. बीकनचं विचारल्यावर मात्र "त्या मार्गावर गरज नाही" म्हणाला. हे पटवून घ्यावं का?

रानभूल

लीडरने वळण्याची जागा आणि कारण सांगितलं, म्हणजे माणूस डोळे उघडे ठेवून चालतो. वाट खरोखर जंगलातून आणि रुंद, मंद धारेवरून असेल तर बीकनशिवाय चालतं. कोणी वापरायला शिकवलं नसेल तर ते गळ्यात असून नसून सारखंच. पण त्याला एकच विचारा: माथ्याच्या शेवटच्या टप्प्यात धारेवरून जातो की बाजूच्या उतारावरून आडवा? आडवा जात असेल तर तो उतार किती अंशांचा? लगेच आकडा सांगितला तर लेकीला पाठवा. "पाहून सांगतो" म्हणाला तर पाहून सांगेपर्यंत थांबा.

फौजीकाका

आणि मुलीला काठीची दोरी मनगटातून काढायला सांगा.